निवृत्तांचे फिरते घर : अमेरिकेतील 'फुलटाइमर' जीवनपद्धतीचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

नोकरीतून निवृत्त झाल्यावर राहते घर विकावयाचे आणि मोटारीला जोडलेल्या अथवा मोटारीतच बांधलेल्या घरात कायमचे वास्तव्य करावयाचे, अशी एक जीवनपद्धती विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. तेथे या लोकांना 'फुलटाइमर' असे म्हणतात. ही पद्धती व्यक्तिस्वातंत्र्याचे आणि स्वावलंबनाचे प्रतीक मानली जाते. तथापि तिचा इतिहास पाहता सार्वजनिक निवृत्तिवेतन, संघराज्याने बांधलेले महामार्ग आणि सरकारी मालकीची जमीन या तीन आधारांवाचून ती उभी राहू शकली नसती, असे दिसते. प्रस्तुत लेखात या जीवनपद्धतीचा उदय, तिचे संघटन, कायमच्या पत्त्याअभावी निर्माण झालेला नागरिकत्वाचा प्रश्न आणि स्वेच्छेकडून अपरिहार्यतेकडे झालेली तिची वाटचाल यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : निवृत्ती, वार्धक्य, फिरते घर, अधिवास, सामाजिक सुरक्षा, भटकेपण.

प्रस्तावना

'घर पाहावे बांधून' या म्हणीत आपल्या मध्यमवर्गाचा अनुभव साठविलेला आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम हाती आली की ती घरात घालावयाची, हा आपल्याकडील नोकरदाराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. निवृत्ती म्हणजे स्थिर होणे, हे आपण गृहीत धरतो. उलट 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हणताना आपल्या स्वरात कणव असते, क्वचित उपहासही असतो. ज्या समाजात घराची मालकी ही यशाची खूण मानली जाते, त्याच अमेरिकन समाजातील काही वृद्धांनी घर विकून हे बिऱ्हाड आपण होऊन पाठीवर घेतले, ही बाब म्हणूनच अभ्यासाला पात्र ठरते.

आपल्या परंपरेतील वानप्रस्थाश्रमाशी या जीवनपद्धतीची तुलना करण्याचा मोह होतो. दोन्हींत प्रपंचाचा भार पुढच्या पिढीवर सोपवून घराबाहेर पडणे आहे. परंतु साम्य येथेच संपते. वानप्रस्थात गरजा कमी करण्याला धर्माचे अधिष्ठान आहे. फुलटाइमरच्या निघण्यामागे करमणूक, हवामान, काटकसर आणि पुढे पुढे निव्वळ निर्वाह ही कारणे आहेत. धर्मशास्त्राने नेमून दिलेला आश्रम आणि औद्योगिक समाजाने निर्माण केलेली निवृत्ती या भिन्न संस्था होत. दुसरीचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा असून तो कायदे, रस्ते आणि कारखाने यांच्या इतिहासात शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) फिरत्या घरातील निवृत्त जीवनाचा ऐतिहासिक विकास मांडणे.
२) या विकासातील राज्यसंस्थेच्या वाट्याचा शोध घेणे.
३) कायमच्या पत्त्याचा अभाव आणि नागरिकाचे हक्क यांतील संबंध तपासणे.
४) या जीवनपद्धतीच्या बदललेल्या सामाजिक आशयाचे विवेचन करणे.

पूर्वपीठिका : डबेवाले प्रवासी

अमेरिकेत मोटारीत झोपण्याची सोय असलेली वाहने १९१० च्या सुमारास बाजारात आली. त्या वर्षी न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने आपली 'टूरिंग लँडो' ही गाडी मांडली. तिची मागची बैठक उघडून बिछाना करता येत असे. ही श्रीमंतांची चैन होती. सामान्य माणूस रस्त्यावर आला तो हेन्री फोर्डच्या स्वस्त 'मॉडेल टी' गाडीमुळे. तंबू, स्टोव्ह आणि डबाबंद खाद्यपदार्थ घेऊन हिवाळ्यात फ्लोरिडाकडे जाणाऱ्या अशा प्रवाशांनी १९१९ मध्ये टाम्पा शहरातील डी सोटो उद्यानात 'टिन कॅन टूरिस्ट्स' ही संघटना स्थापन केली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा डाखून बसविणे, ही सदस्यत्वाची खूण होती.

या पाहुण्यांविषयी यजमान गावांची भूमिका आरंभापासून दुटप्पी राहिली. व्यापाऱ्यांना त्यांची खरेदी हवी होती आणि प्रतिष्ठितांना त्यांचे गबाळे तळ नको होते. एक सदरा आणि वीस डॉलरची एक नोट घेऊन हे लोक येतात आणि परत जाईपर्यंत दोन्हीही बदलत नाहीत, असा विनोद फ्लोरिडात प्रचलित होता. १९२० च्या दशकात अनेक नगरपालिकांनी प्रवाशांसाठी मोफत तळ उघडले. गरीब आणि बेकार कुटुंबे तेथे मुक्काम करू लागताच शुल्क आणि मुदतीची मर्यादा आली. फिरस्ता पैसेवाला असेल तर 'पर्यटक' आणि नसेल तर 'उपद्रव', हे समीकरण तेव्हाच रूढ झाले.

१९३० च्या दशकात कारखान्यांत तयार झालेले ट्रेलर रस्त्यावर आले. डेट्रॉइटजवळ आर्थर शर्मन यांनी 'कव्हर्ड वॅगन' या नावाने ट्रेलर बनविण्याचा कारखाना काढला, तर कॅलिफोर्नियातील वॉली बायम यांनी १९३६ मध्ये 'एअरस्ट्रीम क्लिपर' हा ॲल्युमिनियमचा ट्रेलर आणला. महामंदीच्या त्या काळात अनेकांना ट्रेलर हे घराचेच स्वस्त रूप वाटू लागले. वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असे भाकीत रॉजर बॅबसन या अर्थविश्लेषकाने वर्तविले. ते खरे ठरले नाही. तथापि त्याने अधिकारीवर्ग सावध झाला. १९३६ मध्ये मिशिगनमधील एका स्थानिक न्यायाधीशाने झोपण्याची व जेवणाची सोय असलेला ट्रेलर हे मानवी निवासस्थानच होय आणि त्याला घरबांधणीचे नियम लागू होतात, असा निर्णय दिला. त्याच वर्षी फ्लोरिडातील ब्रॅडंटन येथे किवानिस क्लबने उभारलेल्या ट्रेलर पार्कमध्ये वृद्ध जोडपी हंगामी वास्तव्यासाठी येऊ लागली. फिरते घर आणि वार्धक्य यांची सांगड येथे प्रथम ठळकपणे दिसते.

हा रस्ता सर्वांना सारखाच मोकळा नव्हता, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. कृष्णवर्णीय प्रवाशांना कोठे जेवण आणि निवारा मिळेल याची माहिती देणारी 'ग्रीन बुक' ही पुस्तिका व्हिक्टर ग्रीन यांना न्यूयॉर्कमधून काढावी लागली, ती याच १९३६ साली. मोकळ्या रस्त्याच्या अमेरिकन मिथकाला वर्णभेदाची ही बाजू आहे.

निवृत्ती नावाची अवस्था

वार्धक्य सनातन आहे. निवृत्ती मात्र अलीकडची आहे. काम न करता दरमहा उत्पन्न मिळणारी दीर्घ अवस्था सामान्य माणसाच्या वाट्याला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आली नव्हती. महामंदीत वृद्धांची झालेली दैना पाहून कॅलिफोर्नियातील डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड यांनी एक योजना मांडली. साठ वर्षांवरील प्रत्येक निवृत्त व्यक्तीला दरमहा २०० डॉलर द्यावेत आणि ते तिने तीस दिवसांच्या आत खर्च केलेच पाहिजेत, असे तिचे स्वरूप होते. ही योजना अमलात आली नाही. परंतु तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या चळवळीने राजकीय दडपण निर्माण केले. १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली आणि जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटमधील आयडा मे फुलर यांना मासिक निवृत्तिवेतनाचा पहिला धनादेश मिळाला. त्याची रक्कम २२ डॉलर ५४ सेंट होती.

या कायद्याचे पुढील टप्पे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. १९५६ मध्ये स्त्रियांना आणि १९६१ मध्ये पुरुषांना ६२ व्या वर्षी, कमी रकमेवर का होईना, निवृत्तिवेतन घेण्याची मुभा मिळाली. १९६५ मध्ये 'मेडिकेअर' ही वृद्धांची आरोग्यविमा योजना आली. १९७२ च्या दुरुस्तीने निवृत्तिवेतन महागाईशी जोडले गेले आणि १९७५ पासून त्यात आपोआप वाढ होऊ लागली. याचा परिणाम असा की हातपाय धड आहेत, उत्पन्न नियमित आहे आणि उत्पन्नासाठी एका जागी हजर राहण्याची गरज नाही, असा एक मोठा वर्ग इतिहासात प्रथमच निर्माण झाला.

या वर्गाने वेळ कसा घालवावा, याला अमेरिकेने दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर म्हणजे ॲरिझोनातील 'सन सिटी'. बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी खुली केलेली ही वसाहत केवळ वृद्धांसाठी होती. गोल्फ, पोहण्याचा तलाव, समवयस्क शेजारी आणि नवे पक्के घर असे तिचे स्वरूप होते. दुसरे उत्तर चाकांवरचे होते.

घराची आणि वाहनाची फारकत

दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील कामगारांना ट्रेलरमध्ये राहावे लागले आणि युद्धानंतरच्या घरटंचाईत ही प्रथा चालू राहिली. १९५० च्या दशकाच्या मध्यास दहा फूट रुंदीचे ट्रेलर आले. ते नेहमीच्या मोटारीने ओढणे शक्य नव्हते. एकदा जागेवर नेले की ते तेथेच राहत. यातून 'मोबाइल होम' हा नावापुरता फिरता असलेला स्थिर प्रकार निर्माण झाला. जे लहान आणि खरोखर हिंडते राहिले, ते प्रवासी ट्रेलर आणि स्वतःचे इंजिन असलेली मोटरहोम ही वाहने मिळून 'रिक्रिएशनल व्हेईकल' अर्थात आर.व्ही. हा स्वतंत्र वर्ग बनला.

कायद्याने ही विभागणी पक्की केली. १९७४ च्या संघीय कायद्याने मोबाइल होमच्या बांधणीची मानके ठरविण्याची व्यवस्था केली, आर.व्ही. मात्र तिच्या बाहेर राहिली, कारण ती करमणुकीसाठी आहे, कायम वास्तव्यासाठी नाही, असे मानले गेले. याउलट प्राप्तिकराच्या नियमांनुसार झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेले वाहन कर्जावरील व्याजाच्या सवलतीपुरते 'घर' ठरू शकते. एकच वस्तू करखात्याच्या दृष्टीने घर आणि गृहनिर्माण खात्याच्या दृष्टीने घर नव्हे, या विसंगतीत फुलटाइमरची संपूर्ण कायदेशीर स्थिती सामावलेली आहे.

ही वाहने सर्वदूर नेणारे रस्ते १९५६ च्या संघीय महामार्ग कायद्याने दिले. ४१ हजार मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचे हे जाळे होते आणि त्याच्या खर्चाचा नव्वद टक्के भार संघराज्याने उचलला. वॉली बायम यांच्या चाहत्यांचा क्लब १९५५ मध्ये स्थापन झाला होता. १९५९-६० मध्ये बायम यांनी एअरस्ट्रीम ट्रेलरांचा काफिला केपटाउनहून कैरोपर्यंत नेला. या काफिल्यांत निवृत्त जोडप्यांचा भरणा असे आणि त्यांच्या छायाचित्रांनी फिरत्या वार्धक्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६२ मध्ये मोंटानातील बिलिंग्ज येथे 'के.ओ.ए.' या खाजगी तळांच्या साखळीचा आरंभ झाला. १९६६ मध्ये आयोवातील विनेबागो कंपनीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून मोटरहोम मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. कार्यक्षमतेसाठी बांधलेला रस्ता आणि करमणुकीसाठी बांधलेले वाहन एकत्र आले आणि निवृत्तिवेतनाने इंधन पुरविले.

संघटन : पत्ता नसलेल्यांचा शेजार

१९७३ च्या तेलसंकटाने आर.व्ही. उद्योगाला जबर धक्का बसला. तथापि याच दशकात फुलटाइमरांना स्वतःची ओळख मिळाली. के पीटरसन या परिचारिकेने आणि जो पीटरसन या वीजतंत्रज्ञाने १९७० च्या सुमारास घर सोडून ट्रेलरमध्ये वास्तव्य सुरू केले होते. के पीटरसन यांच्या नियतकालिकातील लेखनाला वाचकांचा जो प्रतिसाद मिळाला, त्यातून १९७८ मध्ये 'एस्केपीज' ही संघटना जन्माला आली. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन हे तिचे मुख्यालय झाले. हंगामी पर्यटकांच्या क्लबांहून ही संघटना वेगळी होती. ज्यांना परतण्यासाठी दुसरे घर नाही, अशांचा प्रश्न तिने केंद्रस्थानी ठेवला. सदस्यांची टपाल जमा करून ते असतील तेथे पाठविणे, सहकारी तत्त्वावर तळ विकसित करणे आणि आजारपणात एकमेकांना साह्य करणे ही कामे तिने अंगीकारली.

या समाजाचा सर्वांत विचक्षण अभ्यास डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स या कॅनडातील मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने केला. पापुआ न्यू गिनीतील ग्रामसमाजाचा दीर्घकाळ अभ्यास केलेल्या या दांपत्याने १९९० च्या दशकात आर.व्ही.त राहून निरीक्षणे नोंदविली. 'ओव्हर द नेक्स्ट हिल' हा त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आर.व्ही.वासी वृद्ध म्हणजे मुलांनी टाकलेले, एकाकी लोक, ही समजूत त्यांनी खोडून काढली. नवा शेजारी आला की त्याला गाडी उभी करण्यास मदत करणे, त्याच्याकडे काहीतरी खाद्यपदार्थ नेणे, सामुदायिक जेवणात प्रत्येकाने एक पदार्थ आणणे या साध्या व्यवहारांत त्यांना देवाणघेवाणीची तीच तत्त्वे दिसली, जी पापुआ न्यू गिनीतील समाज बांधून ठेवतात. उद्या निघून जाणाऱ्या माणसाशी आजच नाते जोडावे लागते. म्हणून येथे ओळख लवकर होते आणि पूर्वायुष्यातील हुद्द्याची विचारपूस सहसा केली जात नाही.

निवृत्त माणसाची सर्वांत मोठी हानी पैशाची नसून हुद्द्याची असते, हे आपल्यापैकी अनेकांना परिचित आहे. काल प्राचार्य असलेली व्यक्ती आज गल्लीतील 'एक वृद्ध गृहस्थ' होते. ज्या समाजात सर्वांनीच हुद्दा मागे टाकलेला आहे, तेथे ही हानी सुसह्य होते. फुलटाइमर जीवनाच्या आकर्षणाचे हे सामाजिक मर्म म्हणावे लागेल.

पत्त्याचा प्रश्न

आधुनिक राज्यसंस्था माणसाला पत्त्यावरून ओळखते. मतदान, वाहनपरवाना, बँकेतील खाते, विमा, कर आणि मृत्युपत्र या सर्वांना पत्ता लागतो. कायद्याच्या परिभाषेत 'वास्तव्य' आणि 'अधिवास' यांत भेद आहे. माणूस कोठेही राहत असला, तरी ज्या स्थळी परतण्याचा त्याचा इरादा आहे, ते त्याचे अधिवासाचे स्थळ. फुलटाइमरांनी या 'इराद्या'चाच आधार घेतला. टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या राज्यांत राज्यस्तरीय प्राप्तिकर नाही. म्हणून टपाल पुढे पाठविणाऱ्या संस्थांच्या साह्याने तेथील पत्ता घेण्याची प्रथा पडली. परिणामी हजारो माणसांचा अधिवास एकाच इमारतीच्या पत्त्यावर नोंदला गेला.

यातून संघर्ष उद्भवणे अटळ होते. २००० साली लिव्हिंग्स्टन ज्या पोक काउंटीत आहे, तेथील एस्केपीज सदस्यांच्या मताधिकाराला आव्हान देण्यात आले. जे येथे राहतच नाहीत, त्यांनी येथील कारभारी का निवडावेत, हा स्थानिकांचा प्रश्न निरर्थक नव्हता. पण त्यांना येथून वगळल्यास ते अन्यत्र कोठेच मतदार राहत नाहीत, हे उत्तरही तितकेच बिनतोड होते. ते आव्हान टिकले नाही. प्रश्न मात्र मिटला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर आलेल्या पेट्रियट कायद्यान्वये बँकांना ग्राहकाचा प्रत्यक्ष निवासाचा पत्ता घेणे भाग पडले. २००५ च्या 'रिअल आयडी' कायद्याने ओळखपत्रासाठी मुख्य निवासाचा पुरावा आवश्यक ठरविला आणि त्याची अंमलबजावणी मे २०२५ मध्ये सुरू झाली. साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदारनोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली. सुरक्षेच्या नावाने आलेल्या या तरतुदींचा रोख वृद्ध प्रवाशांवर नव्हता. त्यांचा जाच मात्र त्यांनाही झाला.

येथे आपल्या इतिहासाशी एक संबंध दिसतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सत्तेने भारतातील कित्येक भटक्या समूहांना जन्मतः संशयित ठरविले. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी भटक्या-विमुक्तांना शिधापत्रिका आणि जातीचा दाखला मिळविताना रहिवासाच्या पुराव्याची अडचण येतच राहिली. या दोन अनुभवांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. एकाचे भटकेपण परंपरेने आणि दारिद्र्याने लादलेले, दुसऱ्याचे निवृत्तिवेतनावर निवडलेले; एकाच्या पाठीमागे पोलीस, दुसऱ्याच्या पाठीमागे विमा कंपनी. परंतु फिरणाऱ्या माणसाकडे पाहताना स्थिर राज्यसंस्था अस्वस्थ होते, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

वाळवंटातील हंगामी नगर

ॲरिझोनातील क्वार्टझसाइट हे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्याने उंटांचा प्रयोग केला, तेव्हा आलेला हाजी अली हा उंटचालक येथे पुरला गेला आणि त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड उभा आहे. दूरदेशीच्या फिरस्त्याची कबर हेच ज्या गावाचे प्रमुख स्मारक, तेथेच दर हिवाळ्यात वाहनांत राहणाऱ्यांचे महानगर उभे राहते.

गावाभोवतीचे वाळवंट संघराज्याच्या मालकीचे असून त्याची व्यवस्था भूमिव्यवस्थापन विभाग पाहतो. या विभागाच्या जमिनीवर एका ठिकाणी साधारणतः चौदा दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करता येत नाही. थंडी टाळण्यासाठी येणाऱ्या वृद्धांची संख्या वाढल्यावर विभागाने १९८३ मध्ये ॲरिझोना व कॅलिफोर्निया येथे दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे निश्चित केली. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी परवाना घ्यावयाचा. त्याचे शुल्क अनेक वर्षे १८० डॉलर होते. पाणी, वीज आणि मलनिस्सारण यांची व्यवस्था बव्हंशी ज्याची त्याने करावयाची. छतावरील सौरपट्ट्या, पाण्याच्या टाक्या आणि काटेकोर वापर यांच्या बळावर माणसे येथे महिनोन्‌महिने राहतात. राष्ट्रीय उद्यानांतही ६२ वर्षांवरील नागरिकांना तहहयात प्रवेशपत्र मिळते आणि अनेक तळांवर निम्मे शुल्क पडते. या प्रवेशपत्राची १० डॉलर ही किंमत २०१७ मध्ये ८० डॉलर करण्यात आली.

या वस्तीतील रहिवासी स्वतःला कोणाचेही मिंधे समजत नाहीत. त्यांच्या व्यक्तिगत कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पायाखालची जमीन सार्वजनिक आहे, तेथवरचा रस्ता सार्वजनिक आहे आणि दरमहा खात्यात जमा होणारी रक्कमही सार्वजनिक योजनेची आहे, ही वस्तुस्थिती त्या स्वावलंबनाच्या वर्णनातून वगळली जाते.

स्वेच्छेकडून अपरिहार्यतेकडे

योगायोग असा की ज्या १९७८ साली एस्केपीजची स्थापना झाली, त्याच वर्षीच्या महसूल कायद्यात '४०१(के)' या कलमाची तरतूद झाली. तिच्यामुळे ठरावीक रकमेच्या निवृत्तिवेतनाची हमी देण्याऐवजी कामगाराच्या बचतीत भर घालण्याकडे मालकवर्ग वळला आणि बाजाराची जोखीम वृद्धावर आली. १९८३ च्या दुरुस्तीने पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात घरांच्या किमती आणि समभागांतील बचत एकाच वेळी घसरली. यापूर्वीचा फुलटाइमर घर विकून निघाला होता. नवा फुलटाइमर घर गमावून निघाला.

निवृत्तीनंतर पुन्हा काम करणे ही बाबही पालटली. तळावर यजमानाचे काम करून जागा मोफत मिळविण्याची पद्धत जुनी आहे आणि 'वर्कॅम्पर' हा शब्द १९८७ पासून रुळला. अरिष्टानंतर मात्र ॲमेझॉनच्या गोदामांत सणासुदीच्या हंगामापुरती आणि उत्तरेकडील शर्कराकंदाच्या काढणीत ही वृद्ध मंडळी वेतनासाठी राबताना दिसू लागली. पत्रकार जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ मधील 'नोमॅडलँड' या पुस्तकाने हे वास्तव जगापुढे आणले. क्लोई झाओ यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात दिसणारे बॉब वेल्स यांनी २०१० च्या सुमारास क्वार्टझसाइटजवळ अशा लोकांचा वार्षिक मेळावा सुरू केला. त्याचे स्वरूप करमणुकीचे नसून अल्प उत्पन्नात वाहनात कसे राहावे, याच्या प्रशिक्षणाचे होते.

याच काळात दुसरे टोकही गाठले गेले. महासाथीच्या काळात, २०२१ मध्ये, आर.व्ही. उद्योगाने सुमारे सहा लाख वाहनांची विक्रमी पाठवणी केली. लक्षावधी डॉलरची मोटरहोम आणि जुनाट व्हॅनमधील गादी या दोन्हींना 'मुक्त जीवन' असे एकच नाव दिले जाते. कायदा मात्र त्यांत फरक करतो. लॉस एंजलिसमधील वाहनात राहण्यास बंदी करणारा नियम संदिग्ध असल्याचे सांगून अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द केला. २०२४ मध्ये ग्रँट्स पास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास दंड करण्याचा नगरांचा अधिकार मान्य केला. १९२० च्या दशकातील 'पर्यटक की उपद्रव' हा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा तेथेच येऊन ठेपला.

चाके थांबतात तेव्हा

या जीवनपद्धतीची खरी कसोटी आजारपणात लागते. दृष्टी मंदावते, अवजड वाहन चालविणे धोक्याचे होते, जोडीदार जातो. मूळ मेडिकेअर योजना देशभर चालते. परंतु तिला पर्याय म्हणून खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या योजनांचे लाभ बहुधा विशिष्ट प्रदेशातील डॉक्टरांपुरते मर्यादित असतात. फिरणाऱ्यास त्या अपुऱ्या पडतात. शिवाय गावोगावच्या डॉक्टरांना रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो.

मुलांच्या घरी जावे किंवा वृद्धाश्रमात राहावे, हे दोन मार्ग सर्वत्र असतात. एस्केपीजने तिसरा मार्ग काढला. लिव्हिंग्स्टन येथील त्यांच्या 'केअर' या केंद्रात वृद्ध सदस्य आपापल्या वाहनातच राहतात. वाहन फिरत नाही एवढेच. केंद्रातून त्यांना जेवण, दिवसाची देखभाल आणि दवाखान्यात नेण्याआणण्याची सोय मिळते. चाके थांबली तरी घर सुटत नाही आणि शेजारही ओळखीचाच राहतो. वृद्धाला सेवेइतकीच सातत्याची गरज असते, हे या प्रयोगाने ओळखले. निवृत्तांच्या संख्येत वाढ होत असलेल्या कोणत्याही समाजाने त्यातून बोध घ्यावा, अशी ही बाब आहे.

निष्कर्ष

१) फिरत्या घरातील निवृत्त जीवन हे केवळ अमेरिकन स्वभावाचे फलित नसून १९३५ ते १९७५ या कालखंडातील निवृत्तिवेतन, आरोग्यविमा आणि महामार्ग यांविषयीच्या सार्वजनिक निर्णयांचे ते फलित आहे.

२) वाहन आणि घर यांची कायद्याने केलेली फारकत फुलटाइमरला सोयीची आणि गैरसोयीची अशी दोन्ही ठरली. करमणुकीचे साधन म्हणून त्याला मोकळीक मिळाली. निवासस्थान म्हणून संरक्षण मिळाले नाही.

३) पत्त्याचा अभाव हा भौगोलिक प्रश्न नसून नागरिकत्वाचा प्रश्न आहे. संघटनेच्या बळावर काहींनी तो सोडविला. असंघटित आणि निर्धन फिरस्त्यांना तो सोडविता आला नाही.

४) १९७८ नंतर निवृत्तिवेतनाची जोखीम व्यक्तीवर ढकलली गेल्याने या जीवनपद्धतीचा आशय बदलला. बाह्य रूप तेच राहिले, म्हणून हा बदल दीर्घकाळ लक्षात आला नाही.

समारोप

वृद्ध माणूस घर सोडून निघाला, ही घटना स्वतःहून काहीच सांगत नाही. त्याला परत येण्याची मुभा होती काय, हा प्रश्न तिला अर्थ देतो. ज्याच्याजवळ नियमित निवृत्तिवेतन, उपचारांची शाश्वती आणि थांबावयास जागा आहे, त्याचा प्रवास स्वातंत्र्य ठरतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याचा तोच प्रवास विस्थापन ठरतो. निश्चित लाभाच्या निवृत्तिवेतनाकडून अंशदायी योजनेकडे झालेले संक्रमण आपल्या देशातील अध्यापकवर्गानेही अनुभवले आहे. २००४ पासून केंद्र सरकारच्या आणि त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या नव्या कर्मचाऱ्यांना ते लागू झाले. त्या दृष्टीने पाहता अमेरिकेतील हा अनुभव आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपले वृद्ध मोटरहोममध्ये राहावयास जातील असे नव्हे. परंतु त्यांचे वार्धक्य त्यांच्या निवडीचे असेल की नाइलाजाचे, हा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच आहे, आणि त्याचे उत्तर व्यक्तीच्या काटकसरीइतकेच सार्वजनिक धोरणावर अवलंबून आहे.